सहा निघाले, तीन परतले: पार्टनरशिपमध्ये धंदा करणाऱ्यांसाठी १९२३ सालची एक सायकल-सफर



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न एकाच विषयावर आले. लातूरच्या एका दुकानदारानं लिहिलं, "सर, आम्ही तिघं मित्र. पाच वर्षं ठिबकच्या सामानाचं दुकान चालवतोय. एक जण पुण्याला चाललाय. आता दुसराही म्हणतोय, तो नाही तर मला पण रस नाही. मी काय करू?"

याचं उत्तर मी व्हिडिओत एका गोष्टीतून दिलं. पण व्हिडिओत वेळ कमी पडतो. म्हणून ती गोष्ट इथं सविस्तर लिहितोय. गोष्ट धंद्याची नाही, सायकलची आहे. पण शेवटपर्यंत वाचा. आणि शक्य असेल तर तुमच्या पार्टनरला शेजारी बसवून वाचा.

आधी त्या काळाचा अंदाज घेऊ

आज आपण सायकलकडे व्यायाम म्हणून बघतो, नाहीतर पोरांची शाळेत जायची सोय म्हणून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात सायकल चालवणं हा चक्क पेशा झाला होता. लोक त्यावर पोट भरायचे. १९०३ साली फ्रान्समधल्या 'लोटो' नावाच्या पेपरनं आपला खप वाढवायला एक रेस काढली. तीच आजची 'टूर द फ्रान्स'. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी सायकल रेस ही मुळात एका पेपरची जाहिरात होती. पहिल्या वर्षी ती मॉरिस गारँनं जिंकली. हा माणूस तरुणपणी लोकांच्या घरातल्या धुराड्या साफ करायचा.

त्या पहिल्या रेसचा एक आकडा लक्षात ठेवा. ६० जण सुरू झाले, शेवटपर्यंत पोचले २१. आणि हे सगळे तयारीचे लोक होते. रस्ता ठरलेला, बक्षीस ठरलेलं, रेस तीन आठवड्यांच्या आत संपणार हेही माहीत. तरीसुद्धा तीनातला एकच पोचला.

आता आपल्याकडं या. मुंबईत सहा पोरं निघाली होती. त्यांच्यापुढं रेस नव्हती, बक्षीस नव्हतं आणि कधी परत येणार तेही कुणाला सांगता येत नव्हतं.

ओव्हल मैदानातलं एक भाषण

१९२० च्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या ओव्हल मैदानात एका फ्रेंच माणसाचं भाषण झालं. तो युरोपातून भारतापर्यंत पायी आला होता. ऐकायला गर्दी होती. बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. काही पारशी पोरांच्या डोक्यात मात्र किडा शिरला: हा चालत आला, मग आपण सायकलवर जगाला चक्कर का मारू नये?

ही पोरं बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची. त्यांची नावं: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कपाडिया. सगळे विशी-पंचविशीतले.

१५ ऑक्टोबर १९२३ ला ते मुंबईतून निघाले. पंजाब, बलुचिस्तान करत इराण. तिथून इराक, सीरिया, पुढं युरोप. मग जहाजानं अमेरिका. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलवर. तिथून जपान, कोरिया, चीन आणि आग्नेय आशियातून परत भारत.

१८ मार्च १९२८ ला ते मुंबईत पोचले. चार वर्षं आणि पाच महिने. अंतर साधारण ७१,००० किलोमीटर.

पण परतले तिघंच. हकीम, बापासोला आणि भूमगरा.

बाकीचे तिघं कुठं गेले?

ही गोष्ट सांगितली की लोक "वा, काय जिद्द!" म्हणतात आणि परतलेल्या तिघांबद्दल बोलत बसतात. मी धंद्याचा माणूस. माझं लक्ष न परतलेल्या तिघांकडं जातं. कारण ते तिघं तीन वेगवेगळ्या कारणांनी सुटले. आणि गेल्या पंधरा वर्षांत मी जितक्या पार्टनरशिप तुटताना पाहिल्यात, त्या सगळ्या या तीन कारणांतच बसतात.

पहिला, नरीमन कपाडिया. हा तेहरानहून परत फिरला. कारण वैयक्तिक. इतकंच माहीत आहे आणि इतकंच पुरेसं आहे. घरचं कारण कुणालाही येतं. वडील आजारी पडतात, जमिनीची वाटणी निघते, बायकोची बदली होते. यात कुणाची चूक नसते. तुम्ही कितीही चांगले पार्टनर असा, हे थांबवू शकत नाही.

दुसरा, गुस्ताद हाथीराम. याला अमेरिका आवडली. इतकी आवडली की तो तिथंच राहिला. याला मी 'संधी' म्हणतो. तुमच्या दुकानापेक्षा त्याला दुसरीकडं जास्त बरं दिसलं. आपल्याकडं लगेच म्हणतात, "गद्दार निघाला." अहो, गद्दार कसला? तो निघाला तेव्हा त्यानं अमेरिका पाहिलीच नव्हती. माणूस प्रवासात बदलतो. पाच वर्षांपूर्वी ज्या माणसाशी तुम्ही हात मिळवला, तो आज तोच आहे का? आणि तुम्ही तरी तेच आहात का?

तिसरा, केकी पोचखानावाला. हाथीराम गेला म्हणून याचं मन उडालं आणि यानंही साथ सोडली.

इथं जरा थांबा. लातूरच्या आपल्या मित्राचा प्रश्न परत वाचा. "तो नाही तर मला पण रस नाही." शंभर वर्षांपूर्वी हेच घडलं होतं.

या तिसऱ्या कारणाला लोक सगळ्यात कमी घाबरतात आणि तेच सगळ्यात महागात पडतं. पहिला जातो तेव्हा एक माणूस कमी होतो. पण तो का गेला, कसा गेला, उरलेल्यांशी काय बोलून गेला, यावर ठरतं की दुसरा टिकणार की नाही. पार्टनर गेल्यावर आपण हिशोब करतो, गोडाऊन मोजतो, उधारीची वही काढतो. उरलेल्या पार्टनरला घेऊन चहाला बसत नाही. "आता आपण दोघं आहोत, तुला काय वाटतं?" एवढं विचारत नाही. आणि महिन्याभरात तोही म्हणतो, "मलाही मोकळं करा."

तरी सफर चालू राहिली. कशी?

आता परतलेल्या तिघांकडं बघू. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १५ ऑक्टोबर १९२३ ते १८ मार्च १९२८ म्हणजे साधारण १,६१६ दिवस. ७१,००० भागिले १,६१६. उत्तर येतं दिवसाला ४४ किलोमीटर.

फक्त ४४. नांदेडहून सायकल काढली तर लोह्याच्या थोडं पुढं. लातूरहून काढली तर चाकूरच्या जरा पलीकडं. तुमच्यापैकी धडधाकट माणूस एक दिवस हे सहज करेल. दुसऱ्या दिवशी पाय दुखतील, तरी करेल. प्रश्न १,६१६ व्या दिवसाचा आहे.

यातला एक तुकडा मला फार आवडतो. बगदाद ते अलेप्पो हा वाळवंटातला टप्पा, साधारण ९५६ किलोमीटर. वाळूची वादळं, पाण्याचे हाल, आपल्या मे महिन्याला लाजवेल असं ऊन. हा टप्पा त्यांनी २३ दिवसांत काढला. याचाही भागाकार करा. दिवसाला ४१ ते ४२ किलोमीटर.

दिसलं का? संपूर्ण प्रवासाची सरासरी ४४ आणि सगळ्यात वाईट टप्प्याची ४१-४२. म्हणजे जगातल्या सगळ्यात कठीण रस्त्यावर ते फार मागं पडले नाहीत. आणि चांगल्या रस्त्यांवर, बोटीच्या प्रवासात, मुक्कामात, परवानग्यांच्या कागदपत्रांत दिवस गेले, तेही या सरासरीत आले.

धंद्यात आपण उलटं करतो. दिवाळीत, नाहीतर पेरणीच्या महिन्यात जीव तोडून गल्ला भरतो आणि बाकीचे महिने नशिबाला दोष देत बसतो. दुष्काळाच्या वर्षी तर दुकानाचं शटर अर्धंच वर असतं. तुमच्या दुकानाचा 'वाळवंटातला आकडा' किती आहे, म्हणजे सगळ्यात वाईट महिन्यात दिवसाची विक्री किती, हे तुम्हाला तोंडपाठ पाहिजे. चांगल्या महिन्याचा आकडा सगळ्यांनाच पाठ असतो.

आणि हा वाळवंटाचा टप्पा तेहरानच्या नंतरचा आहे, हे विसरू नका. म्हणजे एक पार्टनर नुकताच परत गेला होता आणि समोर सगळ्यात अवघड रस्ता होता. तरी पाच जण निघाले.

परत आल्यावर तिघांनी मिळून पुस्तक लिहिलं. ते १९३१ साली आलं, नाव 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड'. त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची होती. थोडक्यात, त्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवली. म्हणून शंभर वर्षांनी नांदेडमध्ये बसून मी त्यांच्याबद्दल लिहू शकतोय.

एकट्यानं निघालेला आणि तिघंच्या तिघं परतलेले

"म्हणजे सर, पार्टनर नकोच ना?" हा प्रश्न येणार मला माहीत होता. म्हणून आणखी दोन सफरी सांगतो.

या सहा जणांच्या मागोमाग, १९२४ च्या जानेवारीत, मुंबईहून फ्रामरोज दावर नावाचा खेळांवर लिहिणारा पत्रकार निघाला. एकटा. त्याला पार्टनर नको होता की मिळाला नाही, कोण जाणे. पण व्हिएन्नात त्याला गुस्ताव नावाचा एक ऑस्ट्रियन सायकलवाला भेटला. दोघांची जोडी जमली आणि पुढचा प्रवास त्यांनी मिळून केला. सहारा वाळवंट ओलांडलं, दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉनचं जंगल पार केलं. सात वर्षं, ५२ देश, साधारण १,१०,००० किलोमीटर. १९३१ ला दावर घरी आला.

दोन गोष्टी बघा. एक, दावरनं आधीच्या सहा जणांची कॉपी केली नाही. त्यानं स्वतःचा, जास्त अवघड रस्ता निवडला. आपल्या गल्लीत एक मोबाइल अॅक्सेसरीजचं दुकान चाललं की पुढच्या सहा महिन्यांत तशीच चार उघडतात. मग चौघंही रडतात. दुसरी, त्यानं पार्टनर घरी बसून निवडला नाही. गुस्ताव आधीच सायकलवर होता. म्हणजे ज्याला रस्त्याचा त्रास माहीत आहे, असा माणूस त्यानं सोबत घेतला. आपण पार्टनर कसा निवडतो? शाळेतला दोस्त, मेव्हणा, नाहीतर ज्याच्याकडं भांडवल पडून आहे तो. यातला एक तरी सायकलवर बसलेला असतो का?

तिसरी सफर १९३३ ची. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. हे तिघं निघाले आणि तिघंही परतले. वर्ष होतं १९४२. नऊ वर्षं, ८४,००० किलोमीटर, आणि शेवटची वर्षं तर दुसऱ्या महायुद्धातली.

म्हणजे सहाचे तीन झाले. एकाचे दोन झाले. तिघांचे तीनच राहिले. तिन्ही सफरी पूर्ण झाल्या. किती माणसं निघाली यावर सफर पूर्ण होणं अवलंबून नव्हतं. एखादा माणूस उतरला तरी सायकली पुढं जातील की नाही, यावर होतं.

आता माझी गोष्ट

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो मार खाऊन.

नांदेडला वजिराबाद भागात माझं पहिलं दुकान होतं. झेरॉक्स, डीटीपी, कॉम्प्युटर रिपेअर. पार्टनर माझा कॉलेजचा दोस्त. कागद एकही नाही. "आपल्यात काय कागद करायचा?" हे वाक्य मीच बोललो होतो. तीन वर्षांनी त्याला नोकरी लागली. म्हणजे कारण नंबर दोन, संधी. तो म्हणाला, माझा हिस्सा दे. मी म्हणालो, मशीन मी घेतलं, तू फक्त बसायचास. तो म्हणाला, बसायचो म्हणूनच गिऱ्हाईक यायचं. दोघंही खरं बोलत होतो.

उधारीच्या वहीवरून भांडण झालं. आकडा किती होता सांगू? अठरा हजार रुपये. तेवढ्यासाठी त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो नाही. दुकान मी नंतर परत उभं केलं. ती दोस्ती मात्र परत उभी राहिली नाही. आज मी लोकांना पार्टनरशिप शिकवतो आणि माझा पहिला पार्टनर माझ्या फोनमध्ये नंबर असूनही मी त्याला फोन करत नाही. हे मी व्हिडिओत बोललो नव्हतो. कॅमेऱ्यासमोर जमलं नाही.

कायदा काय म्हणतो ते तरी माहीत करून घ्या

आपल्याकडं भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. तो वाचायला वकील असायची गरज नाही. त्यातल्या चार गोष्टी अशा, की कळल्या असत्या तर माझं भांडण झालंच नसतं.

पहिली. तुम्ही काहीच ठरवलं नसेल, तर नफ्या-तोट्याचे हिस्से सारखे धरले जातात. भांडवल कुणी जास्त टाकलं, कुणी कमी, तरीही. आणि दुकानात बसण्याचा वेगळा पगार मिळत नाही. हवा असेल तर आधी लिहून ठेवा.

दुसरी. भागीदारी किती काळ चालणार आणि कशी संपणार, हे ठरवलेलं नसेल, तर कुठलाही एक पार्टनर बाकीच्यांना लेखी नोटीस देऊन फर्म बंद करू शकतो. एक चिठ्ठी आणि चालू दुकान बंद.

तिसरी. पार्टनर बाहेर पडला आणि त्याचा हिशोब न करता तुम्ही धंदा चालूच ठेवला, तर तो त्याच्या पैशावर झालेल्या नफ्यातला वाटा मागू शकतो, किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. निवड त्याची. आणि बाहेर पडणाऱ्यासाठीही एक इशारा: तुम्ही निघालात हे जाहीर नोटीस देऊन कळवलं नाही, तर मागं राहिलेल्यांनी पुढं केलेल्या व्यवहारांची जबाबदारी तुमच्या गळ्यात येऊ शकते.

चौथी. फर्मची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसेल तर करारातले पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावानं दावा लावता येत नाही. मोंढ्यात उधारीवर माल देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

करार करताना तुमच्या सीएला किंवा वकिलाला दाखवाच. पण त्यांच्याकडं जाण्याआधी आपसात बोलून घ्या. वकील शब्द देईल. काय ठरवायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

आजचं काम

एक कोरा कागद घ्या. पार्टनरला समोर बसवा. दुकान चांगलं चालू असतानाच बसवा, भांडण झाल्यावर नाही. त्यावर तीन नावं लिहा: कपाडिया, हाथीराम, पोचखानावाला.

कपाडियासमोर लिहा: आपल्यापैकी कुणाला घरच्या कारणानं जावं लागलं, तर त्याचे पैसे किती महिन्यांत, किती हप्त्यांत द्यायचे? मशीनची, मालाची, उधारीची किंमत कुणी आणि कशी धरायची?

हाथीरामसमोर लिहा: कुणाला दुसरीकडं चांगली संधी मिळाली, तर किती दिवस आधी सांगायचं? तो याच गावात, याच धंद्यात दुसरं दुकान टाकू शकतो का?

पोचखानावालासमोर फक्त एक ओळ लिहा: एक जण गेला, तर उरलेले किती दिवसांत भेटणार, आणि कुठं?

लातूरच्या मित्रा, तुझ्यासाठी तर ही तिसरी ओळच उत्तर आहे. पुण्याला जाणाऱ्याला अडवू नकोस. त्याचा हिशोब चोख कर आणि त्याला स्टँडपर्यंत सोडायला जा. मग त्याच संध्याकाळी दुसऱ्याला घेऊन गंजगोलाईत चहाला बस. दुकानाबद्दल नंतर बोल. आधी विचार, तो गेल्यावर तुला कसं वाटतंय. तो तरीही जातो म्हणाला, तर जाऊ दे. हकीम, बापासोला आणि भूमगराही तिघंच उरले होते आणि पुढं अजून जपान, कोरिया, चीन असा बराच रस्ता बाकी होता.

कागद भरून झाला की खाली कमेंटमध्ये फक्त "झालं" लिहा. मीही एक फोन लावायचा विचार करतोय. लागला तर पुढच्या व्हिडिओत सांगेन.

भेटू पुढच्या सोमवारी!